पंप इगतपुरीला कसा गेला

शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कचेरीत एक पंप आपल्या लोखंडी बैठकीवर शहाण्यासारखा बसला होता. चार पाय, चार बोल्ट, खाली चॅनेलची फ्रेम, फ्रेमखाली काँक्रीट. शनिवारी सकाळी तो इगतपुरीच्या आसपास सापडला.

सापडला म्हणजे संगणकाने तसे लिहून दिले. रात्रभर चाललेल्या गणिताच्या शेवटी ‘कमाल विस्थापन’ या रकान्यात मिलिमीटरांचा असा काही आकडा होता, की त्याची शून्ये बोटाने मोजावी लागली. मोजून, भागाकार करून, पुन्हा एकदा मोजून किलोमीटर निघाले एकशे तीन. ठाण्याहून मध्य रेल्वेने एवढे अंतर म्हणजे कसारा मागे टाकून, घाट चढून थेट इगतपुरी. त्या घाटात भल्याभल्या मेल-एक्सप्रेसना मागून बँकर इंजिने लावावी लागतात. या पंपाने तो एकट्याने, तिकीट न काढता चढला. (सरळ वर गेला असता तर अवकाशाच्या हद्दीवर पोचला असता. तीही साधारण शंभर किलोमीटरवरच मानतात.)

ज्याच्या संगणकावर हे घडले तो डोंबिवलीचा. नाव सांगून उपयोग नाही, कारण असा माणूस ठाणे-कल्याण पट्ट्यात दर दोन बिल्डिंगांमागे एक निघतो. मेकॅनिकलची पदवी, पाठीवर सॅक, डोळ्यांखाली काळे, आणि दिवसभराचे काम म्हणजे यंत्राच्या चित्रावर जाळी टाकून ते किती वाकेल, कुठे मोडेल हे आधीच सांगणे. साहेबांनी त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला.

“कॉन्टॅक्ट दिले होतेस?”

“सगळे ऑटो घेतले होते सर.”

साहेब काही बोलले नाहीत. चहा घ्यायला गेले. या धंद्यात साहेबांनी चहाला जाणे हा रागावण्याचाच एक प्रकार आहे.

या कामाला घरात कधीच नीट ओळख मिळत नाही. एकदा आईने विचारले होते, “तू दिवसभर नेमकं करतोस काय रे?” त्याने सोपे करून सांगितले, “जाळी लावतो गं. पंपाला, गाडीच्या चासीला, जे येईल त्याला.” आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मग बेडरूमच्या खिडकीची कधी लावणारेस? त्या माणसाला दोनदा फोन केला, येतो येतो म्हणतो आणि येत नाही. डास फोडून खातायत.” त्याने ‘फायनाइट एलिमेंट’ समजावायला तोंड उघडले आणि मिटले.

खरे तर आईला समजले असते. आख्खा लाल भोपळा कुणी घरी नेत नाही, भाजीवाली फोडी करून देते. यंत्राचेही तेच. आख्ख्या पंपाचे गणित कुणाच्या बापाला सुटत नाही. पण त्याचे हजारो त्रिकोणी-चौकोनी तुकडे केले तर एकेका तुकड्याचे गणित पोरखेळ असते. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी विमानाच्या पंखाचा ताठरपणा काढण्यासाठी ही रीत प्रसिद्ध केली आणि १९६० साली रे क्लफ यांनी तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. पुढे नासाने या गणितासाठी नॅस्ट्रॅन हे सॉफ्टवेअर करवून घेतले, १९७० साली जॉन स्वॉन्सन यांनी आज अ‍ॅन्सिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची कंपनी काढली, आणि भोपळा कापणे हा जगभर पोटापाण्याचा धंदा झाला.

कापण्यात कुणाचेच काही अडत नाही. अडते ते फोडी पुन्हा सांधताना.

प्रत्येक तुकड्याला कोपरे असतात, त्यांना नोड म्हणतात, आणि प्रत्येक नोडला नंबर असतो. शेजारच्या दोन तुकड्यांनी ४१२ नंबरचा नोड वाटून घेतला असेल तर ते दोघे जोडलेले: ४१२ हलला की दोघेही हलतात. पण पंपाचा पाय आणि फ्रेमची पट्टी हे दोन वेगळे भाग. त्यांची जाळी वेगवेगळी पडते. पायाचा कोपरा ४१२ आणि त्याच जागी, अगदी त्याच ठिकाणी, फ्रेमचा कोपरा ९८७०. पडद्यावर एकच ठिपका दिसतो. संगणकाच्या लेखी ते एकाच पत्त्यावर राहणारे दोन भाडेकरू, आणि त्यांची आयुष्यात कधी ओळख झालेली नाही. नजरेला जे चिकटलेले दिसते ते संगणकाला चिकटलेले दिसत नाही, कारण त्याला दिसतच नाही काही. त्याच्याकडे फक्त यादी असते.

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला हे इतरांपेक्षा लवकर कळायला हवे होते, कारण त्याच्या घरापासून एका स्टेशनावर याचा जिवंत नमुना उभा आहे. कोपर. तिथे मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग खालून जातो आणि दिवा-वसई मार्ग वरून. नकाशावर दोन रेघा एकमेकींना लख्ख छेदतात, नवख्या माणसाला वाटते की इथे गाडी या रुळावरून त्या रुळावर जात असणार. कसली जाते! रूळ कोपरला एकमेकांना शिवतही नाहीत. गाडीला या मार्गावरून त्या मार्गावर जायचे तर जोड दुसरीकडे. कोपरला माणसाने जिना चढायचा. सांध्याचे नाव धारण करणाऱ्या स्टेशनात सांधाच नसावा, हा योगायोग मराठी भाषेने उगाच साधलेला नाही असे वाटते.

डोंबिवलीचे पूर्व-पश्चिम प्रकरणही याच जातीचे. पूर्वेच्या गच्चीवरून पश्चिमेच्या मावशीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या मोजता येतात, पण मावशीकडे जायचे तर मध्ये रूळ. सप्टेंबर २०१९ मध्ये कोपर पूल वाहतुकीला बंद झाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये नवा होऊन उघडला. मधली दोन वर्षे मावशीचे घर जागचे हलले नव्हते, तरी रिक्षावाला ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा घालून नेत असे. अंतर तेच, जोड गेला होता. सॉल्व्हर नावाचा जो गणिती आत बसलेला असतो तो त्या रिक्षावाल्यासारखाच विचार करतो. साड्या दिसतात की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नाही, पूल आहे का ते सांगा.

जोडायचे दोन मार्ग. पहिला म्हणजे दोन्ही भागांची जाळी मुळातच एकमेकींना जुळवून पाडायची, म्हणजे सामाईक पृष्ठावर नोड एकच राहतो. याची ओळख चाळीत आणि जुन्या सोसायट्यांत राहिलेल्या प्रत्येकाला आहे. दोन बिऱ्हाडांत भिंत एकच असते. इकडे खिळा ठोकला की तिकडे गणपतीची तसबीर पडते. हा खरा सामाईक नोड. इकडची हालचाल, इकडचे दुःख तिकडे तत्काळ आणि पूर्णपणे पोचते, मध्ये कुणी दलाल लागत नाही. विश्लेषकांना ही रीत फार आवडते आणि ती करायला फार जिवावर येते, कारण एका बिऱ्हाडाने खिडकी अर्धा फूट सरकवली तर दुसऱ्याने आपला पूर्ण संसार पुन्हा मांडायचा.

दुसरा मार्ग, जाळी ज्याची त्याची राहू द्या, मध्ये समीकरणांचा करार करा. इथे खरी गंमत आहे, आणि ती समजून घ्यायला सकाळची लोकल लागते.

सेकंड क्लासच्या डब्यात समोरासमोर दोन बाकडी असतात. प्रत्येकी तीन माणसे बसली की गुडघे छान बसतात: यांचे सहा, त्यांचे सहा, एकाआड एक, कुलपाच्या दातांसारखे. ही जुळलेली जाळी. मग दिव्याला एक गृहस्थ चढतात, एका बाकड्याकडे पाहून “जरा सरकता का?” म्हणतात आणि चौथी सीट घेतात. आता एका बाजूला आठ गुडघे, दुसऱ्या बाजूला सहा. कुणाचा गुडघा कुणाच्या समोर हे कुणालाच सांगता येत नाही. एक गुडघा दोघांच्या मध्ये अडकतो, आणि गाडीने कळव्याला वळण घेतले की त्याने किती हलायचे हे तो स्वतः ठरवत नाही. डावीकडचा किती सरकला आणि उजवीकडचा किती, याच्या मधला काहीतरी हिशेब त्याच्या वाट्याला येतो. सॉफ्टवेअर नेमके हेच करते. बारीक जाळीचा नोड समोरच्या मोठ्या तुकड्याच्या ज्या दोन-चार नोडांच्या मध्ये पडतो, त्यांच्या हालचालीतून त्याची हालचाल ठरवून टाकते. त्या नोडला स्वतःचे मत उरत नाही. चौथ्या सीटवरच्याला कुठे असते?

यात पुढारी कोण आणि मागे जाणारा कोण हेही सांगावे लागते. पूर्वी यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हणत. अबॅकससारख्या सॉफ्टवेअरांनी अलीकडे शब्द बदलून सभ्य केले. नियम मात्र तोच राहिला: जो जास्त ताठ किंवा ज्याची जाळी जाड तो पुढारी, आणि बारीक जाळीवाल्याने त्याच्या मागून जायचे. हा नियम कुणी शोधून काढला त्याने विंडो सीटवरचे वजनदार काका पाहिले असणार. काका सरकत नाहीत. बाकीचे काकांच्या हिशेबाने बसतात. उलटे ठरवले, म्हणजे काकांना बारीक पोराच्या मागे जायला लावले, तर पोराचा गुडघा काकांच्या मांडीतून आरपार जातो. पडद्यावर हे अक्षरशः दिसते. एक भाग दुसऱ्यात घुसलेला, आणि सॉफ्टवेअरला त्यात काही वावगे वाटत नाही.

आता ‘सगळे ऑटो घेतले’ या वाक्याकडे. अ‍ॅन्सिसच्या वर्कबेंचमध्ये यंत्राचे चित्र आत आणले की ते स्वतःहून कोण कोणाला टेकले आहे ते शोधते आणि त्यांच्या जोड्या, म्हणजे साहेबांनी विचारलेले ‘कॉन्टॅक्ट’, लावून देते. ही सोय आहे, पण तिचा स्वभाव अतिउत्साही वधू-वर सूचक मंडळाचा आहे. दोघे ठरावीक अंतराच्या आत उभे दिसले, की लावले लग्न. स्वभाव, कुंडली, नोकरी काही पाहणे नाही. आणि लग्न लावते तेही ‘बॉन्डेड’ पद्धतीचे, म्हणजे जन्मोजन्मीचे: ना सरकणे, ना सुटणे. शंभर भागांच्या यंत्रात अशी दीड-दोनशे लग्ने एका झटक्यात लागतात. त्यांना नावेही ‘कॉन्टॅक्ट रीजन एक’, ‘कॉन्टॅक्ट रीजन दोन’ अशी असतात. तातडीचे काम असले की ती यादी उघडून पाहायचे धाडस कुणी करत नाही. आणि जे दोघे जरा लांब उभे राहिले, त्यांचे लग्न राहून जाते. मंडळ तुम्हाला ते कळवत नाही. आपल्या रेल्वेची उद्घोषणा बरी, फलाट आणि पायदान यांतल्या फटीची ती दर स्टेशनला आठवण तरी करून देते.

बॉन्डेड सोडून आणखी चार मुख्य नाती मिळतात. ‘नो सेपरेशन’मध्ये एकमेकांवरून सरकता येते, सुटता येत नाही. मुंब्रा ते ठाणे सकाळी साडेआठला दारापासून तिसऱ्या रांगेतला माणूस याच अवस्थेत असतो. तो फिरतो, वळतो, त्याचे तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे होते, पण शेजाऱ्यापासून एक केसही विलग होत नाही. ‘फ्रिक्शनलेस’ म्हणजे सरकाही, सुटाही. जुलैमध्ये ओल्या रेनकोटवाल्याशेजारी उभे राहून पाहावे. ‘फ्रिक्शनल’मध्ये घर्षणाचा आकडा द्यावा लागतो, तो कुणाला नक्की माहीत नसतो, सगळे ०.२ लिहितात. ‘रफ’ हा प्रकार यादीत आहे. कुणी वापरलेला ऐकिवात नाही.

गणित चालू असताना सॉफ्टवेअर प्रत्येक नात्याला दर्जा देत राहते: शून्य म्हणजे लांब, एक म्हणजे जवळ पण सुटे, दोन म्हणजे टेकून सरकणारे, तीन म्हणजे टेकून चिकटलेले. संसाराची इतकी प्रामाणिक मोजपट्टी समाजशास्त्रज्ञांनाही सुचलेली नाही. पण कधीकधी एखादी जोडी एका पायरीला चिकटते, पुढच्या पायरीला सुटते, मग पुन्हा चिकटते, पुन्हा सुटते, आणि गणित जागच्या जागी थरथरत राहते, सुटत नाही. याला ‘चॅटरिंग’ म्हणतात. पाठ्यपुस्तकात याला स्प्रिंगांची आणि घर्षणाची उदाहरणे असतात. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेची हद्द आहे. १९८३ साली महापालिका झाली तेव्हा आसपासची २७ गावे आत होती. २००२ मध्ये ती बाहेर गेली. २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ गावे बाहेर काढल्याचा आदेश निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तीन, शून्य, तीन, शून्य, तीन. गावांनी या काळात एक इंचही जागा बदललेली नाही. जोडाचा दर्जा तेवढा बदलत राहिला. असा रन पडद्यावर दिसला की जाणता विश्लेषक पायऱ्या लहान करतो, जोडाचा ताठरपणा थोडा कमी करतो, आणि वाट बघतो. पालिकेला यातले काय करता येईल हा या लेखाचा विषय नाही.

पंपाच्या बाबतीत लग्न राहून गेले होते. पण उलटी चूक, म्हणजे नको तिथे लावलेले लग्न, जास्त घातक, कारण ती इगतपुरीला जात नाही. ती घरात राहते आणि सुखी दिसते.

कल्याणचा पत्री पूल घ्या. शंभरी उलटलेला जुना पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. त्याचा मुख्य गर्डर ७६ मीटरहून थोडा लांब. पोलाद तापले की वाढते. तापमान ३० अंशांनी बदलले तर एवढ्या लांबीचा गर्डर साधारण २७ मिलिमीटर लांब होतो, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा. म्हणूनच कुठल्याही पुलाच्या टोकाला बेअरिंग असते आणि रस्त्यावर ती फट असते, जिच्यावरून रिक्षा गेली की मागच्या सीटवरच्याच्या मणक्यात ‘धडक’ अशी नोंद होते. ही फट नीट विचार करून ठेवलेली असते. आता समजा एखाद्याने अशा पुलाचे मॉडेल करताना दोन्ही टोके ‘बॉन्डेड’ करून टाकली. गर्डरला वाढायला जागाच नाही. मग त्या ३० अंशांपायी पोलादात सुमारे ७२ मेगापास्कलचा ताण उभा राहतो, एकही गाडी वर नसताना. हा ताण खऱ्या पुलात नाही, फक्त मॉडेलमध्ये आहे. त्यापायी कुणीतरी गर्डर जाड करील, वजन वाढेल, खर्च वाढेल, आणि अहवालात सगळे रंग हिरवे-निळे, डोळ्यांना गार.

तिसरी चूक मनाने उदार असलेल्यांची. हायपरमेश या जाळी पाडायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुट्या कडा लाल दिसतात आणि जोडलेल्या हिरव्या. लाल कडा दिसल्या की नवखा मुलगा ‘इक्विव्हॅलन्स मारतो’, म्हणजे ठरावीक अंतराच्या आतले सगळे नोड एक करून टाकतो. अंतर एक मिलिमीटर दिले, थोडे लाल राहिले. तीन दिले, अजून दोन राहिले. मग कंटाळून पाच देतो आणि लाल रंग नाहीसा होतो. त्याबरोबर तीन मिलिमीटर जाडीची पत्र्याची पट्टीही नाहीशी होते, कारण तिचा वरचा पृष्ठभाग आणि खालचा पृष्ठभाग आता एकच झालेला असतो. सहिष्णुतेला इंग्रजीत आणि यंत्रशाळेत एकच शब्द आहे, टॉलरन्स. यंत्रशाळेत ती मोजूनमापून वापरतात.

या साऱ्याला थट्टेवारी नेता येते ते पंप असतो तोवर. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टावांगरजवळच्या गांड्सफ्योर्डमध्ये स्लाइप्नर-ए या तेल फलाटाचा काँक्रीटचा महाकाय पाया पाण्यात खाली सोडत असताना त्याची एक भिंत फुटली आणि सगळे तळाला गेले. पाया म्हणजे काँक्रीटचे गोल कप्पे एकमेकांना खेटून उभे केलेले, आणि तीन कप्पे जिथे भेटतात तिथे मध्ये उरणारी त्रिकोणी पोकळी. फुटली ती त्या त्रिकोणाची भिंत. चौकशीत कळले, की नॅस्ट्रॅनमध्ये केलेल्या मॉडेलमध्ये नेमक्या त्या भेटीच्या जागी जाळी फार जाड आणि वेडीवाकडी पडली होती, त्यामुळे भिंतीतला कर्तन ताण ४७ टक्के कमी दिसला. त्यात गजांची पकडही अपुरी. जीवितहानी झाली नाही, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. नंतर नीट जाळी घालून गणित केले तेव्हा उत्तर आले की भिंत ६२ मीटर खोलीवर फुटायला हवी. ती फुटली होती ६५ मीटरवर. म्हणजे शास्त्र बरोबर होते. कप्पे जिथे एकमेकांना भेटत होते तिथे कुणी वाकून पाहिले नव्हते.

डोंबिवलीकराने आता तेच सुरू केले. त्याच्या टेबलावर पुण्यात २००८ साली निघालेले, नितीन गोखले, संजय देशपांडे, संजीव बेडेकर आणि आनंद थिटे यांचे ‘प्रॅक्टिकल फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस’ होते. या धंद्यात शिरलेल्या कितीतरी भारतीय पोरांनी पहिले धडे त्या जाड पुस्तकावरून गिरवले आहेत. समीकरणांपेक्षा हे करा, हे करू नका असे कामापुरते सांगणारे. पुस्तकाचा कणा मोडून पाने सुटी झाली होती, तीही रबरबँडने बॉन्डेड केलेली.

बोल्ट सुटलाय का, फट राहिलीय का हे शोधायची जुनी युक्ती म्हणजे यंत्राला बलच लावायचे नाही, नुसते कंप पावू द्यायचे आणि त्याच्या नैसर्गिक वारंवारता पाहायच्या. मोकळ्या वस्तूला सहा शून्ये येतात: तीन दिशांना सरकणे, तीन अक्षांभोवती फिरणे, काही न वाकता. दोन सुट्या वस्तू असल्या तर बारा. फ्रेम काँक्रीटला बांधलेली, म्हणजे इथे एकही शून्य नको होते. आली सहा. म्हणजे बरोबर एक जण मोकाट. त्याने पहिल्या शून्याचे चलच्चित्र लावले. फ्रेम ढिम्म. पंप आपल्या जागेवरून हळूहळू उचलला गेला, विसर्जनाच्या पाटावर ठेवल्यासारखा डोलला आणि पडद्याबाहेर निघून गेला. चारही बोल्ट त्याच्याबरोबर, निष्ठेने.

मग वाकून पाहिले. पंपाचा पाय आणि फ्रेमची पट्टी यांच्यात दीड मिलिमीटरची फट होती. पंप आणि मोटर एका रेषेत यावेत म्हणून पायाखाली पातळ पत्र्याच्या शिम टाकतात. डिझाइनवाल्याने चित्र हलके करायचे म्हणून त्या शिम लपवल्या होत्या. फट सूचक मंडळाच्या अंतरापेक्षा मोठी, म्हणून लग्न नाही. बोल्ट १२ मिलिमीटरचे, फ्रेममधले भोक १४ चे, म्हणून बोल्ट फ्रेमला कुठेच शिवत नव्हते. नट काढून टाकलेले, कारण नटाची जाळी पाडायचा सर्वांनाच कंटाळा. एवढे सगळे सुटे असूनही रन बंद का पडला नाही? तर सॉफ्टवेअरनेच कुणाला न विचारता पंपाला अतिशय अशक्त काल्पनिक स्प्रिंगा लावल्या होत्या, केवळ गणित कोसळू नये म्हणून. त्याबद्दल एका पिवळ्या त्रिकोणात सूचनाही दिली होती. पिवळे त्रिकोण कोण वाचतो.

दुपारी एकला शिम परत आल्या, नट बसले, जोड एकेक करून हाताने दिले. विस्थापन ०.२१ मिलिमीटर. साहेब म्हणाले, “हं.” हे कौतुक होते.

परतीच्या गाडीत ठाण्याला त्याला बसायला मिळाले, तेही चौथी सीट. कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये नवे रूळ दिसतात. ठाणे आणि कल्याण रुळांनी पहिल्यांदा जोडली गेली १ मे १८५४ रोजी. तेव्हापासून इथे जोडकाम थांबलेलेच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका जुन्या मार्गांना जोडण्यासाठी ७२ तासांचा मेगाब्लॉक घेतला होता. नवे रूळ जुन्यांच्या शेजारी आधीच अंथरलेले होते. उरले होते ते जुना रूळ कापून नव्याला जोडणे. रेल्वेवाले याला ‘कट अँड कनेक्शन’ म्हणतात. ७२ तास! त्याचा पंप सकाळी साडेनऊ ते दुपारी एकपर्यंत जोडून झाला होता, आणि त्याला पहिल्यांदाच स्वतःबद्दल बरे वाटले.

घरी पोचला तर जाळीवाला येऊन गेला होता. खिडकीला दोन तुकड्यांत नवीकोरी जाळी, कडेने व्हेल्क्रोची पट्टी, दाबली की चिकटते. आई खुशीत होती. त्याने सवयीने खिडकीजवळ जाऊन जिथे दोन तुकडे भेटतात तिथे डोळा लावला. खालच्या कोपऱ्यात बोटभर व्हेल्क्रो कमी पडला होता, आणि दोन्ही जाळ्या एकमेकींना टेकल्यासारख्या दिसत असूनही मध्ये फट होती. त्यातून एक डास आरामात आत आला.

“आई, इथे सुटलंय.”

“दिसलं मला. तो म्हणाला सोमवारी येऊन करतो.” आईने जुन्या साडीची चिंधी घेतली, चार घड्या घातल्या, बोटाने चाचपून जाडी पाहिली, एक घडी उलगडली आणि फटीत कोंबली. घट्ट बसली.

“शिम,” तो म्हणाला.

“काय?”

“काही नाही. चहा टाक ना.”